"इंजन अभी बनवाया है": आधीच्या मालकाची दुरुस्ती निस्तरताना

इंदुरात जुनी मोटरसायकल बघायला गेलं की विकणारा एक वाक्य हमखास बोलतो: "इंजन अभी बनवाया है भिया, कुछ काम नहीं निकलेगा." महूनाक्याजवळच्या एका घराच्या पोर्चमध्ये 1994 ची यामाहा आरएक्स 100 बघताना मी ते ऐकलं आणि खूश होऊन बयाणा देऊन आलो. हल्ली हे वाक्य कानावर पडलं की मी खिशातून टॉर्च काढतो आणि उकिडवा बसून ब्लॉकच्या, म्हणजे ज्यात पिस्टन चालतो त्या सिलिंडरच्या, बुडाची कड बघतो. तिथून सांधा बुजवायचं ट्यूबमधलं नारिंगी सिलिकॉन बाहेर डोकावत असलं, तर गाडीची किंमत माझ्या मनात तिथल्या तिथे उतरते.

नुसतं झिजलेलं इंजिन सरळ असतं. काय झिजलं ते मोजायचं, बदलायचं, संपलं. कुणीतरी हात घालून ठेवलेल्या इंजिनात मात्र दोन आजार असतात. एक मूळचा, आणि दुसरा तो झाकायला केलेल्या उपचाराचा. डोळ्याला दिसतो तो दुसरा. आपण सिलिकॉन खरवडतो, वाकडे बोल्ट बदलतो, गाडी चकाचक होते, आणि महिनाभरात मूळचं दुखणं परत त्याच जागी. माझ्या गाडीचं हे माझ्याकडे येण्याआधीच दोनदा झालेलं होतं. ते कसं कळलं ते पुढे येईलच.

उदाहरण सगळीकडे आरएक्स 100 चंच देतो, कारण हात तिच्यातच काळे झालेत. ही गाडी आपल्याकडे 1985 ते 1996 बनली, म्हणजे तिच्यातली सगळ्यात तरुणसुद्धा आज तिशीला टेकलेली आहे. 98 सीसी, 50 मि.मी.चा बोअर (सिलिंडरचा व्यास), 50 मि.मी.चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), टू-स्ट्रोक. येझदी किंवा राजदूत असेल तरी पद्धत हीच. फोर-स्ट्रोकला फरक पडतो तिथे तसं सांगेन.

किक मारण्याआधी तेलाचा प्रश्न

आरएक्सला टू-टी तेलाची (पेट्रोलबरोबर आत जाऊन पिस्टनला वंगण देणाऱ्या) वेगळी टाकी असते आणि एक छोटा पंप ते तेल मोजून आत सोडतो. पंप बिघडला की बरेच जण तो दुरुस्त करत नाहीत. नळी काढतात, भोक बंद करतात आणि पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालवतात. त्यात गैर काही नाही, गाडी तशी वर्षानुवर्षं चालते. भानगड गाडी विकली की होते. नवा मालक साइड कव्हर उघडतो, तेलाची टाकी भरलेली बघतो, पंपावर साधं पेट्रोल भरतो आणि निघतो. टाकीतलं तेल जागचं हलत नसतं. खंडवा रोडला पोचेपर्यंत पिस्टन चिकटतो.

म्हणून सगळ्यात आधी पंपाचं झाकण काढून बघा. केबल जोडलेली आहे का? ॲक्सिलरेटर पिळला की पंपाची चकती फिरते का? पंपातून इनलेटकडे जाणारी बारीक नळी शाबूत आहे का, की तिच्यात कुणी स्क्रू पिळून ठेवलाय? माझ्या गाडीत पंप जागेवर होता, केबलही होती, चकतीही फिरत होती. फक्त नळीच्या टोकाला सायकलच्या स्पोकचा तुकडा ठोकलेला होता. तेलाची टाकी मात्र काठोकाठ भरलेली, शोभेला.

उलगडा होईपर्यंत पंप बंदच आहे असं धरून लिटरला 30 मि.ली. टू-टी तेल पेट्रोलमध्ये मिसळा. पंप चालू निघाला तर थोडे दिवस धूर जास्त येईल, एवढंच. फोर-स्ट्रोक असेल तर हीच सावधगिरी डिपस्टिकशी घ्या. पातळी बघा, वास घ्या. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर बदलल्याशिवाय चालू करू नका.

दुरुस्ती वाचायची कशी

पहिला आठवडा पान्यांची पेटी बंद ठेवा. डिझेल आणि ब्रशने इंजिन धुऊन घ्या, प्रत्येक बाजूचे फोटो काढा आणि एक वही करा. माझी वही अजून आहे. पहिल्या पानावर नुसत्या नोंदी आहेत: मॅग्नेटच्या (वीज बनवणाऱ्या फिरत्या चाकाच्या) कव्हरचे तीन स्क्रू छिन्नीने फिरवलेले, एक ॲलन बोल्ट, एक जागा रिकामी. ब्लॉकच्या खाली सिलिकॉन. हेडच्या चार नटांपैकी दोन वेगळ्या जातीचे. सायलेन्सरच्या पट्टीला डावीकडे मोठा बोल्ट, तोही तिरका. गिअर ऑइलच्या ड्रेन बोल्टला टेफ्लॉन टेप. प्लग कोरा करकरीत.

ह्यातली प्रत्येक खूण काही सांगते. स्क्रूवर छिन्नीचे घाव म्हणजे ते कव्हर एकापेक्षा जास्त वेळा उघडलंय, आणि घाईत उघडलंय. मग प्रश्न असा की मॅग्नेटच्या बाजूला ह्यांचं एवढं काय काम होतं? ड्रेन बोल्टला टेप म्हणजे आटे गेलेत. कोरा प्लग म्हणजे जुना दाखवण्यासारखा नव्हता. विकणाऱ्याशी पुन्हा बोलता आलं तर "काय बिघडलं होतं" असं विचारू नका, त्याला "कुछ नहीं" हेच उत्तर मिळतं. "बोअर कितव्यांदा केला" असं विचारा, म्हणजे सिलिंडर आतून कापून त्यात मोठा पिस्टन कितीदा घातला. माझा गडी पटकन बोलून गेला, "दूसरी बार, दोनों बार अच्छी जगह से करवाया." तेव्हा ते मला गाडीचं कौतुक वाटलं. दोनदा बोअर का करावा लागला, हे विचारायचं सुचलं नाही.

आणखी एक काम गाडी घेण्याआधीच करा. इंजिनवर ठोकलेला नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. नंबरची जागा घासलेली किंवा आकडे वेडेवाकडे दिसले तर गाडी कितीही आवडली असली तरी सोडून द्या. ती दुरुस्ती तुमच्या-माझ्या आवाक्यातली नाही.

कॉम्प्रेशन चांगलं, तरी इंजिन आजारी

मी पहिली चूक इथे केली. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरातला दाब मोजायचा काटा, लावला, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून पाच-सहा किका मारल्या, आकडा चांगला आला. झालं, वरचं काम ठीक, अशी समजूत करून घेतली. लक्षणं मात्र वेगळंच सांगत होती. थंड असताना गाडी शहाण्यासारखी चाले. जवाहर मार्गाच्या गर्दीत दहा मिनिटं तापली की ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनचे फेरे खाली येत नसत, आपोआप चढतच राहत. मी कार्बोरेटर तीनदा खोलला, जेट साफ केले, स्क्रू आतबाहेर फिरवून पाहिला.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) खोलीत येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. ती खोली हवाबंद नसेल तर बाहेरची फुकटची हवा आत शिरते, मिश्रण विरळ होतं, पिस्टन तापतो, आणि मिश्रणाबरोबर येणारं तेलही कमी पडतं. कॉम्प्रेशन गेज पिस्टनच्या वरचं सांगतो. खालच्या खोलीबद्दल तो मुका असतो. नुकताच बोअर केलेल्या इंजिनात तर आकडा चांगलाच येणार.

खालच्या खोलीची तपासणी करायला इंजिनात हलका दाब भरतात, 6 पीएसआयच्या आसपास. टायरचा गेज इतक्या कमी दाबाला उपयोगी नाही. पण 6 पीएसआय म्हणजे पाऱ्याचे सुमारे 300 मि.मी., आणि 300 पर्यंतचा काटा आपल्या घराघरांत असतो. आईचं जुनं, फुग्याने फुगवायचं बीपीचं यंत्र मी मागून घेतलं.

कृती अशी. पेट्रोल काढून गाडी मोकळ्या हवेत ठेवा. सायलेन्सर उतरवा आणि ट्रकच्या ट्यूबचा तुकडा लोखंडी पट्टीखाली दाबून एक्झॉस्टचं तोंड बंद करा. कार्बोरेटर काढून इनलेटच्या रबरात घट्ट बूच बसवा, वरून क्लिप आवळा. तेलाच्या पंपाची बारीक नळी विसरू नका, तिलाही चिमटा लावा. किक हळूहळू दाबून पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे वरची आणि खालची खोली एकमेकींना जोडल्या जातात. एका जुन्या प्लगचं चिनी मातीचं पोट फोडून त्यात पितळी नळी एम-सीलने बसवा, तो प्लग जागेवर पिळा आणि नळीला बीपीच्या यंत्राचं रबर लावा. आता फुगवा. ठणठणीत इंजिन दाब धरून ठेवतं. मिनिटाला 50 मि.मी.पर्यंत काटा उतरला तरी चालवून घेता येतं, त्याहून जास्त नाही.

माझ्या इंजिनाने 300 गाठलंच नाही. जीव तोडून फुगा दाबला तेव्हा कसाबसा 180 ला गेला आणि पाच सेकंदांत शून्यावर आला. आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "गेला रे तुझा पेशंट."

गळती शोधायला साबणाचं दाट पाणी ब्रशने लावा. आधी ब्लॉकच्या बुडाशी, मग इनलेटच्या सांध्याला, मग हेडच्या कडेला. माझ्याकडे बुडाशी बारीक फेस आला, पण एवढा दाब जायला तो पुरेसा नव्हता. मॅग्नेट कव्हर काढलं आणि मॅग्नेटच्या मागे ब्रश फिरवला, तर तिथे साबणाचे फुगेच फुगे. क्रँकचं डावं ऑइल सील, म्हणजे दांडा बाहेर येतो तिथे हवा अडवणारी रबरी कडी. उजव्या बाजूचं सील गेलेलं असेल तर हवा क्लचच्या बाजूला जाते. गिअर ऑइलचं झाकण काढून त्यावर साबणाचा पडदा धरला की तो फुगतो. त्या गाड्यांचं आणखी एक लक्षण म्हणजे पांढरा धूर आणि गिअर ऑइल गुपचूप कमी होणं, कारण इंजिन ते ओढून जाळत असतं.

एवढं पुराण सांगायचं कारण म्हणजे ही पायरी मिस्त्री मंडळी सहसा करत नाहीत. वेळ लागतो आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही.

उघडताना

जपानी गाड्यांचे जुने चौफुली स्क्रू दिसायला साध्या चौफुलीसारखे असले तरी त्यांची खाच थोडी वेगळी असते. डोक्यावर एक बारीक टिंब असेल तर तो जपानी मापाचा. नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यातून वर सरकतो, खाच खातो, आणि मग छिन्नी निघते. सियागंजमध्ये हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो, तो घ्या. नेमकं टोक बसवा, दोन घाव द्या, स्क्रू आपसूक सुटतो. अडून बसलेल्या स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम गॅसच्या छोट्या बर्नरने तापवा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे पकड सैल होते. टाकी आधी उतरवून दूर ठेवायची हे सांगायला नको, तरी सांगतो. एका रविवारी मी ती फूटभर अंतरावर ठेवून बर्नर पेटवला होता आणि शेजारच्या काकांनी ओरडून थांबवलं.

मॅग्नेट काढायला पुलरच, म्हणजे ते ओढून काढायचं हत्यारच, वापरा. माझ्या मॅग्नेटच्या कडेला हातोडीचे तीन खळगे होते, म्हणजे आधीचा पुलरशिवायच भिडला होता. स्टेटरची प्लेट काढण्याआधी तिच्यावर आणि केसिंगवर मिळून एक ओरखडा मारून ठेवा, नाहीतर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हलेल.

प्लेट काढली आणि दोन बोअरांचं कारण समोर आलं. सील बदललेलं होतं, पण तिरकं ठोकलेलं. त्याच्या ओठाला आतून धरणारी केसाएवढी स्प्रिंग निसटून स्टेटरच्या मागे पडली होती, आणि रबर भाजलेल्या पापडासारखं कडक झालं होतं. म्हणजे कुणाला तरी एकदा ह्या सीलचा संशय आला होता. त्याने ते बदललं, ठोकताना बिघडवलं, आणि आजार जागच्या जागी राहिला. पुढे पिस्टन चिकटला तेव्हा बोअर केला. पुन्हा चिकटला, पुन्हा केला.

सील काढायला त्याच्या लोखंडी कड्यात दोन बारीक भोकं पाडा, त्यात छोटे स्क्रू पिळा आणि पक्कडीने सरळ ओढा. ड्रिल क्रँकला लागता कामा नये. नवं सील बसवण्याआधी क्रँक हाताने वर-खाली हलवून बघा. बेअरिंगला खेळ असेल तर कितीही सीलं बदला, टिकणार नाहीत, तिथे इंजिन पूर्ण खोलावंच लागेल. माझं बेअरिंग सुदैवाने घट्ट होतं. सीलच्या ओठाला ग्रीस लावा आणि त्याच मापाचा सॉकेट ठेवून चारही बाजूंनी सारखं, हळूहळू आत न्या.

सिलिकॉनचं काय करायचं

सिलिकॉन वाईट नाही. आरएक्सच्या केसिंगचे दोन अर्धे एकमेकांवर बसतात तिथे पॅकिंगच नसतं, पातळ थरात बॉण्डच लावायचा असतो. वाईट आहे ते पॅकिंगच्या ऐवजी लावलेलं. ब्लॉकखालचं पॅकिंग फाटलं की दुकानात जायच्या कंटाळ्याने ट्यूब पिळली जाते. त्याने तीन गोष्टी होतात. सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि त्याचे लचके आत जातात. ब्लॉक पॅकिंगच्या जाडीएवढा खाली बसतो, त्यामुळे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटा) उघडण्या-मिटण्याची वेळ बदलते. आणि पिस्टनचं डोकं हेडच्या जास्त जवळ जातं.

शेवटची गोष्ट मोजता येते. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सरकवा, किक हाताने फिरवून पिस्टन वर नेऊन आणा, आणि चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजा. अशा छोट्या टू-स्ट्रोकला एक मि.मी.च्या आसपास हवं. माझं साडेसहा दशांश भरलं. नवं कागदी पॅकिंग टाकल्यावर ते जागेवर आलं.

काढताना छिन्नी नाही, पॉलिश पेपरही नाही. प्लास्टिकची पट्टी आणि सबुरी. ॲल्युमिनियमवर एक खोल ओरखडा पडला की तिथून गळती कायमची. हेडचं तोंड वाकडं वाटलं तर जाड काचेवर 400 नंबरचा पेपर पसरून त्यावर हेड इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. काच सपाट असते, घरातली फरशी नसते.

सीडी 100 किंवा स्प्लेंडर जातीच्या फोर-स्ट्रोकमध्ये हेच सिलिकॉन आणखी घातक. तिथे तेल ब्लॉकमधून वर हेडपर्यंत चढतं. त्या वाटेत सिलिकॉनचा गोळा अडकला की कॅमशाफ्ट कोरडा पडतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. असं इंजिन हातात आलं तर तळाची तेलाची जाळी आधी काढून बघा. नारिंगी तुकडे सापडले तर वरपर्यंतच्या सगळ्या वाटा फुंकून मोकळ्या केल्याशिवाय जोडू नका.

तिरकं भोक

सायलेन्सर धरणारा डावा स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) कधीतरी ब्लॉकमध्ये तुटला होता. आधीच्या माणसाने हातात ड्रिल धरून तो काढायचा प्रयत्न केला. ड्रिल कडक लोखंडावरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरलं, आणि भोक मूळ जागेपासून दीड मि.मी. बाजूला, तिरकं पडलं. मग त्यात दहाचे आटे पाडून मोठा बोल्ट, आणि तो बसावा म्हणून सायलेन्सरची पट्टी कानशीने घासून लांबट केलेली. ही सगळी मेहनत त्याने खरंच केली होती. अर्धा तास ड्रिल मशीनखाली ब्लॉक धरला असता तर लागलीच नसती.

तुटलेला स्टड तुमच्यासमोर कोरा आला, तर क्रम असा ठेवा. गंजावरचं तेल रात्रभर मुरू द्या. थोडं टोक बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंगचा टाका मारायचा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच पकड सुटते आणि नट फिरवला की स्टड येतो. टोक आत असेल तर कानशीने सपाट करा, बरोबर मध्यावर पंच मारा आणि तीनच्या ड्रिलने सुरुवात करा. सहाचा स्टड असेल तर पाचच्या ड्रिलपर्यंत जा, उरलेले आटे सुईने उचकटा. दुकानात मिळणारे उलट्या आट्यांचे स्टड एक्स्ट्रॅक्टर मी वापरत नाही. ते फार कडक पोलादाचे असतात आणि आत तुटले की ड्रिलही चालत नाही.

आटे पाडायचा टॅप तुटून अडकला तर जुन्या कारागिरांचा फिटकरीचा उपाय आहे. फिटकरीच्या गरम, दाट पाण्यात लोखंड हळूहळू झिजून जातं, ॲल्युमिनियमला फारसं काही होत नाही. एक-दोन दिवस लागतात, आणि भांडं लोखंडी नको. पण हा उपाय सुट्या कव्हरपुरताच. ब्लॉक त्यात बुडवू नका, आतली स्लीव्ह (पिस्टन ज्यात चालतो ती नळी) बिडाची असते, टॅपबरोबर तीही खाल्ली जाईल.

माझं तिरकं भोक घेऊन मी पोलोग्राउंडला एका लेथवर गेलो. उस्तादांनी ब्लॉक उजेडात धरला, एक डोळा मिटला. "ये खड़े-खड़े मारा है किसी ने," म्हणाले, आणि बाजूला ठेवून चहा मागवला. मला आर्गन वेल्डिंगने भोक भरून घ्यायचं होतं. त्यांनी नकार दिला. ब्लॉकला तेवढी उष्णता दिली की स्लीव्ह आणि बोअर वाकडा व्हायची भीती, मग बोअर परत करावा लागेल. त्यांनी भोक मोठं आणि सरळ केलं, ॲल्युमिनियमचा आट्यांचा डाट घट्ट पिळला, तोंड सपाट केलं, आणि नव्या सायलेन्सरची पट्टी साच्यासारखी ठेवून बरोबर जागी भोक पाडून त्यात हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवली. वेल्डिंग करावंच लागलं तर ते बोअरच्या आधी करायचं, नंतर कधीच नाही, हे मी तिथे शिकलो.

बोअर आणि पिस्टन

पिस्टनच्या डोक्यावर 75 ठोकलेलं होतं. म्हणजे मूळ मापापेक्षा पाऊण मि.मी. मोठा. बाजारात 0.25 च्या टप्प्याने एक मि.मी.पर्यंत पिस्टन मिळतात, त्यामुळे माझ्याकडे शेवटचा एकच बोअर शिल्लक होता. पुढे नवी स्लीव्ह. अशा वेळी पिस्टनवरचे डाग नीट वाचा. चार उभ्या पट्ट्या चारही कोपऱ्यांवर असतील तर पिस्टन बोअरमध्ये घट्ट बसवलाय किंवा थंड इंजिन एकदम ताणलंय. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला घसट असेल तर उष्णता, म्हणजे विरळ मिश्रण किंवा तेल कमी. माझी एक्झॉस्टच्या बाजूची, पण वरवरची होती. बोअर मोजला, मापात निघाला. हलकं होनिंग (दगडाने बोअर आतून घासणं) आणि नव्या रिंगा, एवढ्यावर भागलं.

बोअर करायची वेळ आलीच तर पिस्टन आधी विकत घ्या आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्या. साधारण तीन-चार शतांश मि.मी.ची फट लागते. पोर्टच्या धारदार कडा मोडून मागा, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. घरी आणल्यावर ब्लॉक पेट्रोलने नव्हे, गरम पाण्याने आणि कपड्यांच्या साबणाने धुवा. पांढरं फडकं आतून फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत. पेट्रोलने होनिंगची वाळू निघत नाही. धुतल्याबरोबर तेल लावा, बीड दहा मिनिटांत तांबडं पडतं.

जे आहे ते राहू द्या

एवढं उघडल्यावर हात शिवशिवतात आणि सगळंच मूळ रूपात आणावंसं वाटतं. मी तसं केलं नाही. क्लच कव्हरला एका ठिकाणी सहाऐवजी आठचा बोल्ट आहे. सरळ बसलाय, गळत नाही, भोवती पुरेसं मांस आहे. तो तसाच ठेवला. एका फिनचा तुटलेला कोपरा कुणीतरी वेल्ड केलाय, बेढब दिसतो, पण भेग पुढे सरकलेली नाही. हे तपासायला डिझेल लावून पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. भेग असती तर पुडीत ओली रेघ उमटली असती.

माझा नियम एवढाच की जी दुरुस्ती हवा, तेल किंवा उष्णता ह्यांच्या वाटेत येते ती उपटायची, मग ती कितीही देखणी असो. जी नुसती कुरूप आहे तिला हात लावायचा नाही. ड्रेन बोल्टचे आटे मात्र हेलिकॉइलने केले. टेफ्लॉन टेपवर गिअर ऑइलची भिस्त ठेवून मी महेश्वरला जाणार नव्हतो.

जोडणी

रिंगांची फट बोअरमध्ये ठेवून मोजा. 50 च्या बोअरला दोन दशांश मि.मी.च्या आसपास हवी. पिस्टनच्या खाचेत बारीक पिना असतात, रिंगेची दोन टोकं पिनेच्या दोन्ही बाजूंना आलीच पाहिजेत. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. गजन पिनेची (पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या पिनेची) लॉकं नेहमी नवी, आणि ती बसवताना केसिंगच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवा. लॉक उडून आत पडलं की सगळा खेळ पहिल्यापासून. हेडचे नट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एकदा इंजिन तापून पूर्ण गार झालं की पुन्हा तपासा. कव्हरच्या सहाच्या बोल्टना एक किलोग्रॅम-मीटरचा टॉर्क (आवळायचा जोर), म्हणजे सुमारे 10 न्यूटन मीटर, भरपूर होतो. लांब पाना घेऊन जोर दाखवल्यानेच ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि तिथूनच पुढच्या मालकाचं सिलिकॉन सुरू होतं.

प्लग लावण्याआधी बीपीचं यंत्र पुन्हा लावलं. ह्या वेळी काटा 300 वर गेला आणि माझा चहा संपेपर्यंत 280 वर होता.

पंपाची नळी नवी घातली, केबल खुणेवर खूण आणून बसवली, पंपावरचा हवेचा स्क्रू उघडून बुडबुडे संपेपर्यंत तेल वाहू दिलं. तरीही पहिली टाकी लिटरला 30 मि.ली. तेल घालूनच चालवली. तेलाच्या टाकीवर मार्करने रेघ मारली होती. दीडशे किलोमीटरनंतर पातळी रेघेखाली गेलेली दिसली तेव्हाच पंपावर विश्वास ठेवला. पहिले पाचशे किलोमीटर एका वेगाने लांब ताणू नका, ॲक्सिलरेटर वर-खाली होत राहू द्या.

सीटखाली आता एक लॅमिनेट केलेला कागद तारेने बांधलेला आहे. त्यावर लिहिलंय: पंप चालू आहे, टाकीत साधं पेट्रोल. पिस्टन 0.75. डावं सील कधी बदललं ती तारीख. आणि खाली हिंदीत तेच, कारण ही गाडी पुढे कुणाकडे जाईल ते मला माहीत नाही.